ऑनलाइन सेलर अकाऊंट घ्यावं का? चादर-टॉवेलवाल्याचा रिव्ह्यू

सोलापुरात चाटी गल्लीत आमचं छोटं होलसेल दुकान आहे, चादरी, टॉवेल, नॅपकिन. अ‍ॅमेझॉन-मीशोसारख्या दोन-तीन मार्केटप्लेसवर माल टाकतो त्याबद्दल लिहितोय, कारण यूट्यूबवर सगळे "घरबसल्या लाखो कमवा" एवढंच सांगतात आणि रिटर्नचा विषय निघाला की व्हिडिओ संपतो.

आधी चांगलं सांगतो. पैसे वेळेवर येतात. उधारीवर धंदा करणाऱ्यालाच कळेल हे केवढं मोठं आहे ते. बाजारात पार्टीला माल दिला की तीन-तीन महिने "शेठ, सोमवारी बघू" ऐकायचं, इथे डिलिव्हरी झाली की ठरलेल्या दिवशी, कापून-छाटून का होईना, खात्यात जमा. आणि गिऱ्हाईक थेट गुवाहाटी, कोचीचं, तिकडे आम्ही कधी एजंट नेमणार होतो!

जीएसटी नंबर नसेल तरी 1 ऑक्टोबर 2023 पासून आपल्या राज्याच्या आत ऑनलाइन विकता येतं, उलाढाल 40 लाखांच्या आत हवी आणि जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट नंबर काढायचा. बचत गटाच्या बायकांना हे कोणी सांगतच नाही. राज्याबाहेर पाठवायचं तर मात्र नंबर लागतोच.

आता खर्चाचं. मीशोने 2021 मध्ये झिरो कमिशन आणलं, अ‍ॅमेझॉननेही 2025 मध्ये 300 रुपयांच्या आतल्या बऱ्याच वस्तूंवरची रेफरल फी (म्हणजे कमिशनच) काढली, चांगलंच आहे, पण कमिशन गेलं म्हणजे खर्च गेला असं नाही, शिपिंग आहे, जाहिरात आहे, आणि त्या प्रत्येक फीवर परत 18 टक्के जीएसटी. शिवाय 0.5 टक्के टीसीएस (जीएसटीपोटी) आणि 0.1 टक्का टीडीएस (इन्कम टॅक्सपोटी) आधीच कापतात, ते टॅक्सचं रिटर्न भरताना वळतं होतं, सीए बघून घेतो.

खरा मार बसतो तो शिपिंगसाठी धरलेल्या वजनाचा. काट्यावरचं वजन नाही हो, खोक्याचं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले 5000, आणि दोन्हीत जास्त असेल ते धरतात. दीड किलोच्या आतली चादर 40 बाय 30 बाय 12 सेंटिमीटरच्या पाकिटात गेली की ती झाली 2.88 किलो! मग आमची पोरं चादर गुडघ्याखाली दाबून, टेप मारून 6 सेंटिमीटरवर आणतात, म्हणजे 1.44. पण वाटेत पाकीट फुगतं, गोदामात परत मोजतात आणि फरक आमच्या पेमेंटमधून जातो. नॅपकिनला ही भानगडच नाही.

आणि रिटर्न. एका ठिकाणी (नाव घेत नाही) डबलबेडची नवी चादर पाठवलेली, परत आली ती जुनी, तेलाचा वास येणारी, कोपऱ्यात धोब्याची खूण असलेली. क्लेम टाकला तर उत्तर आलं, परत आलेलं पार्सल उघडतानाच्या व्हिडिओत लेबल नीट दिसत नाही. चॅटवर रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून गोष्ट सांगायची, शेवटी तक्रारीचं तिकीट आपोआप बंद. कॅश ऑन डिलिव्हरीवाले तर दारात आलेलं पार्सल "नको" म्हणून मोकळे होतात. हिशोब साधा आहे, ऑर्डरमागे 60 रुपये सुटत असतील आणि एका रिटर्नला 150 जात असतील तर अडीच ऑर्डरींची कमाई एका फटक्यात गेली. हे धरून किंमत लावली तर सर्चमध्ये खाली जाता, नाही लावली तर खिशातून.

अजून एक चीड येते. सोलापुरी चादरीला जीआय टॅग (त्या गावच्याच मालाला ते नाव, अशी सरकारी नोंद) आहे, पण सर्चमध्ये "सोलापुरी चादर" टाईप करा, सोलापूर न बघितलेल्या पॉलिस्टरच्या चादरी सगळ्यात वर, आणि रिव्ह्यूत लोक लिहितात सोलापुरी मालात आता दम नाही राहिला. शिव्या आम्हाला!

माझं रेटिंग 5 पैकी 3. नॅपकिन, छोटे टॉवेल जरूर टाका, तीन-चारचा सेट करून टाकला तर शिपिंग परवडतं. साईझ-फिटिंगचं काही असेल तर दहादा विचार करा. चादर आम्ही आता दुकानात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, पैसे आधी घेऊनच देतो. आणि दिवाळी सेलच्या आधी आपलं सेलर पॅनेल उघडून डिस्काउंटचं सेटिंग बघा, काही ठिकाणी तुम्ही नाही म्हटलं नाही तर हो धरतात.