चार तलंगा, सात महिने आणि खाड्यांचा हिशेब

काल माझ्या तांबडी कोंबडीने दुपारी 2 वाजून 5 मिनिटांनी अंडं दिलं. तेव्हाच मला कळलं की आज खाडा पडणार, म्हणजे तिचं अंडं मिळणार नाही, आणि आज खाडाच आहे. हे ऑगस्टमध्ये कळलं असतं तर विकणाऱ्याशी झालेली निम्मी भांडणं टळली असती. उरलेली निम्मी मी आजही करेन.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दोन कावेरी (ही सुधारित जात) आणि दोन गावरान तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, आणल्या, 480 रुपयांना एक. "20 आठवड्यांच्या आहेत ताई, पंधरा दिवसांत अंड्यावर येतील," असं त्या माणसाने सांगितलं होतं. पुण्यातल्या धायरीत आमच्या घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे खुराडं केलं. मुंगसाच्या भीतीने बारीक जाळी लावली. त्या बाबतीत सात महिन्यांत तक्रार नाही.

सासूबाई भोरकडच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी एकेक कोंबडी उचलून पाहिली. "अगं, ही अजून पिल्लंच आहेत. तुरा बघ किती फिकट आहे." मग मागच्या दोन हाडांमध्ये बोटं लावली. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या त्या हाडांमध्ये दोन-तीन बोटं सहज बसतात, इथे धड एकही बसेना. मी ऐकलं नाही. माझा विश्वास विकणाऱ्याने सांगितलेल्या वयावर.

पहिलं अंडं 11 ऑक्टोबरला आलं, तांबडीचं, लिंबाएवढं. कावेरी साधारण पाच महिन्यांची झाली की अंड्यावर येते, गावरानला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे आणल्या तेव्हा त्या फार तर 15 आठवड्यांच्या होत्या. फोन केला तर म्हणाला, "ताई, जागा बदलली की कोंबड्या बसतात, धीर धरा." जागा बदलली की अंडी थांबतात हे खरं आहे, पण आधी सुरू असतील तर ना! मोठ्या तलंगांचे पैसे घेऊन लहान तलंगा दिल्या, आणि पाच आठवड्यांचं खाद्य माझ्या खिशातून गेलं. शेवटी त्याने वर शंभर-शंभर रुपये घेऊन बदलून देण्याची तयारी दाखवली. मी नाही म्हटलं. तोवर चौघींचा लळा लागला होता.

अंडी सुरू झाली आणि माझं सगळं लक्ष खाड्यांकडे गेलं. दुधाचा रतीब लिहितात तसं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहू लागले: कोणाचं अंडं, किती वाजता, कसं. ऑक्टोबरचे एकवीस दिवस धरून 14, नोव्हेंबरमध्ये 38, डिसेंबरमध्ये फक्त 21. दिवाळीच्या फटाक्यांत दोन अंडी नुसत्या पडद्यातली आली, कवचच नाही. एक दोन बलकांचं. एकदा बलकच नव्हता. नव्या तलंगेच्या शरीराची घडी बसेपर्यंत हे सगळं होतं, पण तेव्हा मला प्रत्येक अंड्यात फसवणूक दिसत होती. डिसेंबरअखेर मी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं: पुन्हा घेणार नाही.

ते वाक्य आता मागे घेते. त्याच कॅलेंडरमुळे.

जानेवारीत एकदा तांबडीच्या वेळा सलग वाचल्या. 8:10, 9:15, 10:20, 11:50, 2:05, खाडा, पुन्हा 8:00. पुढची ओळही जवळपास तशीच. कोंबडीला एक अंडं तयार करायला 24 ते 26 तास लागतात. त्यातले वीसेक तास एकट्या कवचाला. म्हणून अंडं रोज थोडं उशिरा येतं. अंडं घातल्यावर अर्ध्या तासाने पुढचा बलक सुटतो, पण दुपार फार कलली असेल तर तो सुटतच नाही. तो दिवस रिकामा जातो आणि नवी ओळ सकाळपासून सुरू होते. मी ज्याला खाडा म्हणत होते तो तिच्या घड्याळाचाच भाग होता. चार अंड्यांनंतर खाडा की सात अंड्यांनंतर, एवढाच काय तो चांगल्या-वाईट कोंबडीतला फरक. हे समजलं त्या दिवशी मी किती तरी वेळ खुराड्यासमोर बसून होते.

पण डिसेंबरमधल्या 21 अंड्यांचा दोष घड्याळाचा नव्हता, तो माझा होता. विकणाऱ्याने दिलेलं ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिल्लांचं खाद्य मी अंडी सुरू झाल्यावरही संपेपर्यंत घातलं, वाया कशाला घालवायचं म्हणून. त्यात कॅल्शियम जेमतेम एक टक्का. अंड्यावरच्या कोंबडीला साडेतीन-चार टक्के लागतं, कारण एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. वर उरलेला भात, भाकरीचे तुकडे. त्याने पोट भरतं, पण प्रथिनं कमी पडतात. आता अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, लेअर मॅश, वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा, आणि भात-भाकरी संध्याकाळी मूठभरच.

दुसरं कारण उजेड. पुण्यात डिसेंबरअखेर दिवस अकरा तासांचा असतो आणि कोंबडीला भरपूर अंड्यांसाठी 14 ते 16 तास उजेड लागतो. जानेवारीत पाच वॅटचा पिवळा बल्ब टायमरवर लावला, पहाटेच्या बाजूला. संध्याकाळी लावला आणि एकदम विझला तर कोंबड्या दांडीवर चढायच्या आतच अंधारात सापडतात. दर आठवड्याला अर्धा तास वाढवत चार वाजेपर्यंत आणला. फरक दिसायला तीन आठवडे गेले. कोवळ्या तलंगांना मात्र हा बल्ब लावू नका. शरीर तयार व्हायच्या आत अंडी सुरू झाली तर अंडं घालताना अंग बाहेर येऊ शकतं.

जानेवारीत 44, फेब्रुवारीत 71. चौघींना मिळून दिवसाला साधारण 440 ग्रॅम खाद्य, 38 रुपये किलो. फेब्रुवारीचं अंडं साडेसहा रुपयांना पडलं. सप्टेंबरपासूनचं सगळं खाद्य धरलं तर तेच पंधराच्या वर जातं, आणि त्यात कोंबड्यांची किंमत नाही. कवच आता असं की कढईच्या काठावर दोनदा आपटावं लागतं.

गावरानबद्दलही मत बदललं, पण उलट्या दिशेने. पांढुरकी सुरुवातीला माझी सगळ्यात लाडकी होती. गेल्या मंगळवारी तिने बारावं अंडं दिलं आणि ती खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला बसली. पेटीतून उठत नाही, हात नेला की पिसं फुलवून गुरगुरते. आमच्याकडे कोंबडा नाही, त्यामुळे तिच्याखाली काही उबणारही नाही. सासूबाईंनी तिला तीन दिवस जाळीच्या तळाच्या उंच पिंजऱ्यात ठेवायला सांगितलं, खालून वारा लागून पोट गार होतं म्हणून. आज दुसरा दिवस. पाणी-खाद्य समोरच आहे, तरी तिचा तो आवाज ऐकून माझा जीव कासावीस होतो.

दिवाळीनंतर आणखी दोन घेणार आहे, दोन्ही कावेरीच आणि दुसऱ्या कोणाकडून तरी. मानमोडीची लस कधी दिली ते आधी विचारेन. वय विचारणार नाही. सासूबाईंना सोबत नेणार आहे, बोटं लावून बघायला.