वासा संग्रहालय, स्टॉकहोम: शाळेची सहल नेणाऱ्यांसाठी
गटासाठी मार्गदर्शकासह फेरी आधीच ठरवून घ्या. १८ वर्षांपर्यंत प्रवेश मोफत आहे.

इथे ठेवलेलं ‘वासा’ हे ६९ मीटर लांबीचं युद्धजहाज १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत, जेमतेम १,३०० मीटर जाऊन बुडालं. वरती तोफांचे दोन मजले, तळाशी वजन अपुरं. वाऱ्याने कलंडलं आणि उघड्या तोफखिडक्यांतून पाणी शिरलं. निघण्याआधी जहाज किती स्थिर आहे हे पाहायला ३० माणसं डेकवर इकडून तिकडे पळवली होती. जहाज इतकं डुललं, की चाचणीच थांबवली! मुलांना हे छान कळतं, पण आधी वर्गात करून दाखवा: बाटलीत थोडी वाळू भरून ती पाण्यात उभी तरंगवा, मग ती कलंडेपर्यंत झाकणावर एकेक नाणं चिकटवत जा.

आत उजेड मंद, हवा गार. जॅकेट अंगातच असू द्या.