सूपसाठी हँड ब्लेंडर घेतला, सहा महिने वापरून लिहितोय

आमच्या नानांचे दिवाळीनंतर एकदम 5 दात काढले आणि कवळी बसेपर्यंत पातळच खा म्हणाले डॉक्टर. पहिले काही दिवस पाकिटातलं सूप दिलं, मग एकदा पाकीट उलटं करून वाचलं तर कॉर्नफ्लोअर, साखर, मीठ आणि मग कुठेतरी टोमॅटो. नानांना बीपी आहे, म्हणून घरी करायला घेतलं आणि तिथे मिक्सरने दणका दिला. गरम भाज्या भांड्यात घालून झाकण लावून फिरवलं की आतली वाफ झाकण उडवते, आमचं उडालं, ओट्यापासून ट्यूबलाइटपर्यंत पालक! थंड होईपर्यंत थांबायचं तर अर्धा तास जातो आणि परत गरम करायचं ते वेगळंच. म्हणून हा घेतला, ऑनलाइन 1300 ला, 300 वॅट.

दांडा स्टीलचाच बघून घ्या हं. प्लास्टिकचा स्वस्त पडतो पण गरम सूपमध्ये घालायला माझं तरी मन होत नाही. हा कुकरमध्येच बुडवायचा आणि मगच बटण दाबायचं, चालू असताना वर उचललात तर शर्ट गेलाच. कमी सूप असेल तर उभट पातेल्यात काढून घ्या, पसरट भांड्यात पातं नीट बुडत नाही आणि चौफेर शिंतोडे. नॉनस्टिकमध्ये अजिबात नको, चरे पडतात.

आमचं रोजचं म्हणजे 4 लालभडक टोमॅटो, अर्धं गाजर, बीटाचा पेराएवढा तुकडा (रंगापुरता, जास्त झाला की सूप बीटाचंच लागतं), पाव कांदा, 2 लसूण पाकळ्या, 1 मोठा चमचा धुतलेली मूगडाळ, दीड कप पाणी, 3 शिट्ट्या. वाफ आपली आपण जाऊ द्यायची, मग ब्लेंडर. कॉर्नफ्लोअर लागतच नाही, डाळीनेच दाट होतं. वरून मिरपूड आणि अर्धा चमचा तूप. पहिल्या दिवशी नाना म्हणाले, "अरे हे सारच आहे की, नारळ विसरलास फक्त."

दुधीचंही मस्त होतं, पण चिरताना कच्चा तुकडा चाखून बघायचा, कडू लागला तर अख्खा दुधी फेकायचा, हयगय नाही, कडू दुधीने माणसं हॉस्पिटलात गेलीयेत. पालक मात्र कुकरला लावू नका, 2 मिनिटं उकळत्या पाण्यात आणि लगेच गार पाण्यात, नाहीतर शेवाळी रंग येतो. एकदा बटाट्याचं केलं आणि हौसेने 3 मिनिटं फिरवत बसलो तर चक्क खळ झाली, पतंग चिकटवता आला असता. बटाट्याचा स्टार्च जास्त घुसळला की बाहेर येऊन चिकट होतो, तेव्हा बटाटा असेल तर दोन-चार झटके बास.

आता तक्रारी. मिक्सरइतकं बारीक होत नाही, टोमॅटोची सालं आणि बिया राहतातच, गाळणी घ्यावीच लागते, जाहिरातीत रेशमी बिशमी दाखवतात ते सोडून द्या. वायर आखूड, प्लग ओट्याच्या त्या टोकाला असल्यामुळे गरम कुकर उचलून तिकडे न्यावा लागतो, हे मला सगळ्यात खटकलं. सलग 1 मिनिटाच्या वर चालवू नका असं पुस्तिकेत लिहिलंय आणि खरंच हँडल तापतं. बरोबर आलेला चटणीचा छोटा डबा निरुपयोगी, शेंगदाणे अर्धे कुटतो अर्धे तसेच.

धुणं मात्र सोपं, पातेल्यात पाणी आणि साबणाचा थेंब टाकून 10 सेकंद फिरवायचं. पात्याला हात लावायच्या आधी प्लग काढा एवढंच.

नुसतं डाळीचं सूप करणार असाल तर घेऊच नका, रवी पुरते. हे नानांचं मत, आणि डाळीपुरतं मलाही पटतं. भाज्यांची सूपं आठवड्यातून दोन-तीनदा होत असतील तर घ्या. 5 पैकी 4, एक स्टार वायरचा कापला. वॉरंटी 2 वर्षांची आहे म्हणे, अजून तशी वेळ आली नाही.