एचएक्स स्टॉम्पवर जत्रांचा एक मोसम: लेव्हल आणि फाटणारा आवाज

लाइन ६ चा एचएक्स स्टॉम्प हा गिटारचा डिजिटल प्रोसेसर ऐन पावसाळ्यात घेतला आणि चवथीपासून शिगम्यापर्यंत सगळीकडे वाजवला. डिचोली-फोंडा भागात भावगीतं, भक्तिगीतं, नाट्यगीतांना साथ करायची तर एकाच कार्यक्रमात कधी हंबकर पिकअपवाली इलेक्ट्रिक गिटार लागते, कधी पिझो पिकअपची अकूस्टिक (पिकअप म्हणजे तारांच्या कंपनांचा विजेचा सिग्नल करणारा भाग). दोघींच्या सिग्नलची ताकद वेगळी. म्हणून इथे टोनपेक्षा लेव्हलबद्दल, म्हणजे सिग्नलच्या याच ताकदीबद्दल, जास्त लिहितो आहे. टोनचे नमुने ऐकायला भरपूर मिळतात, लेव्हलबद्दल नीट बोलणारा क्वचित भेटतो.

आवाज फाटला की बहुतेक जण प्रोसेसरचा मोठा व्हॉल्यूम नॉब कमी करतात. फाटणं इनपुटला होत असेल तर त्याने काहीच होत नाही. फाटलेलाच आवाज बारीक ऐकू येतो, एवढंच. गिटारचा सिग्नल आधी आकड्यांत बदलला जातो आणि त्या आकड्यांना वरची हद्द असते, ० डीबीएफएस. व्हॉल्व्हचा अँप जास्त सिग्नल आला की हळूहळू दबतो आणि ते कानाला गोडही लागतं. इथे मात्र लहरीचा माथा सपाट छाटला जातो, यालाच क्लिपिंग म्हणतात. छाटलेला भाग पुढचा कोणताही इक्वलायझर परत आणू शकत नाही. म्हणून पॅच (अँप आणि इफेक्टची साठवलेली जुळणी) कितीही सुंदर बनवला तरी पहिलं लक्ष इनपुटकडे हवं.

फाटतंय नेमकं कुठे, हे शोधायची माझी आवडती पद्धत यूएसबीची आहे. स्टॉम्प कॉम्प्युटरला जोडला की ऑडिओ इंटरफेसचं काम करतो, आणि इफेक्ट लागायच्या आधीचा कोरा सिग्नल वेगळ्या चॅनेलवर मिळतो. कोरा आणि प्रक्रिया झालेला असे दोन ट्रॅक एकदम रेकॉर्ड करायचे आणि लहरी मोठ्या करून बघायच्या. कोऱ्या ट्रॅकचे माथे सपाट असतील तर दोष इनपुटचा किंवा गिटारचा. ते गोल आहेत आणि दुसरे सपाट, तर दोष पॅचमध्ये. दोन्ही गोल असून स्पीकरमधून फाटतंय, तर पुढे मिक्सरकडे बघायचं. या एका तपासणीने माझे कितीतरी तास वाचले आहेत.

इनपुट लावताना हळुवार पिकिंग ऐकून निर्णय घेऊ नये. कार्यक्रमाच्या रंगात हात जितका जोरात पडतो तितक्याच जोरात सहाही तारा वाजवायच्या, आणि त्या शिखरावरही ६ ते १० डेसिबल (डीबी) जागा मोकळी राहील असं बघायचं. सिग्नल लाल रेषेच्या जवळ नेला नाही तर दर्जा उतरतो ही भीती आता बाळगायचं कारण नाही. आकडे जितक्या जास्त बिटचे, तितकं सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या सिग्नलमधलं अंतर जास्त: एका बिटला साधारण ६ डीबी, म्हणजे २४ बिटला कागदावर १४४ डीबी. गिटार आणि केबलची स्वतःची खरखर त्या तळाच्या खूप वर असते. थोडी जागा सोडल्याने काही हरवत नाही.

सेटिंगमध्ये इनपुट लेव्हल इन्स्ट्रुमेंट (गिटारसारखा कमी ताकदीचा सिग्नल) किंवा लाइन (त्याहून जोरदार) अशी निवडता येते. इलेक्ट्रिकसाठी मी इन्स्ट्रुमेंटच ठेवतो. अकूस्टिकच्या अंगातला प्रीअँप (सिग्नल वाढवणारा भाग) जोरदार असेल तर आधी त्याचा स्लायडर खाली घ्यावा. तिथे आवाजाची धार जात नाही. साध्या पॅसिव्ह इलेक्ट्रिकचा व्हॉल्यूम नॉब कमी केला तर मात्र केबलच्या कपॅसिटन्समुळे वरच्या पट्टीतली चमक जाते. त्यापेक्षा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पिकअप तारांपासून थोडा खाली उतरवावा. हे काम फुकटातलं आहे आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित आहे. इनपुट बदललं की नॉइज गेट (वाजवत नसताना खरखर बंद करणारा) आणि अँपचा ड्राइव्ह पुन्हा जुळवावा लागतो, हेही ध्यानात ठेवा.

पॅचच्या आतली एक गोष्ट खूप जणांना गोंधळात पाडते. क्लीन पॅच कानाला बारीक वाटतो, पण मीटरवर आधी तोच उसळतो. डिस्टॉर्शनमध्ये शिखरं आधीच दबलेली असतात, त्यामुळे कमी शिखरावरही आवाज भरलेला वाटतो. क्लीनमध्ये प्रत्येक झटक्याचं टोक उंच जातं. म्हणून मी आधी क्लीन पॅच लावतो आणि बाकीचे कानाने त्याच्याशी जुळवतो. सोलोसाठी ६ डीबी बूस्ट म्हणजे व्होल्टेज दुप्पट, हेही विसरू नये. मला ३ डीबी पुरतो. आणि पॅचची जुळणी स्टेजच्या आवाजातच करावी. कमी आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं. रात्री घरी हेडफोनवर खर्ज वाढवून बनवलेला पॅच देवळाच्या मांडवात घुमतो आणि तबल्याचा डग्गा झाकून टाकतो.

स्टॉम्पला एक्सएलआर आउट (माइकच्या केबलसारखं तीन पिनांचं तोंड) नाही. लांब केबल लागते तिथे मी डीआय बॉक्स (सिग्नल लांब केबलजोगा करून देणारी छोटी पेटी) नेतो आणि आउटपुट इन्स्ट्रुमेंट लेव्हलवर ठेवतो. मिक्सरच्या लाइन इनपुटला थेट जायचं असेल तर लाइन. साउंडवाल्याने "दादा, गिटार फाटता, बारीक कर" म्हटलं की मी आधी विचारतो, केबल माइक इनपुटला आहे की लाइनला? पुष्कळदा लाइन लेव्हल थेट माइक प्रीअँपमध्ये शिरलेली असते. तिथे मिक्सरवरचा २० डीबीचा पॅड (सिग्नल तेवढा कमी करणारं बटण) दाबला की काम होतं. पॅड नसेल तर मिक्सरचा गेन पूर्ण खाली आणून मग हळूहळू वर घ्यावा.

इनपुट, पॅच आणि मिक्सर ही तिन्ही ठिकाणं स्वच्छ असूनही खरखर येत असेल तर अकूस्टिकची ९ व्होल्टची बॅटरी बदला. उतरलेल्या बॅटरीवर प्रीअँप स्वतःच फाटतो, आणि कोऱ्या ट्रॅकमध्ये ती लहर ० डीबीएफएसच्या बरीच खाली असतानाच सपाट झालेली दिसते. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत जॅकही काळवंडतात. त्यांची कुरकुर क्लिपिंगसारखी वाटते, पण ती जोरात वाजवल्यावर नाही, केबल हलवल्यावर येते. मोसम सुरू व्हायच्या आधी सगळे जॅक कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून घ्या आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.