प्राणप्रतिष्ठेला इंग्लिशमध्ये काय लिहायचं: सँक्टिफाय, कॉन्सिक्रेट, हॅलो (hallow) की ब्लेस?

माझ्या माहेरच्या गावी, सिंधुदुर्गात, रवळनाथाच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला आणि पत्रिका छापायची वेळ आली. मराठी पत्रिका दहा मिनिटांत तयार, ती काय सगळ्या गावांची एकसारखीच असते. पण वर्गणी दिलेल्यांमधले निम्मे लोक परदेशात आणि त्यांच्या पोरांना मराठी वाचता येत नाही, म्हणून इंग्लिश पण पाहिजे असं ठरलं. ते काम आलं सिएटलच्या भाच्याकडे. त्याचा मेसेज, "आत्या, प्राणप्रतिष्ठेला सँक्टिफिकेशन चालेल ना? ट्रान्सलेटरने तेच दिलंय." मी उत्तर टाइप करेपर्यंत त्याने फॅमिली ग्रुपवर ड्राफ्ट टाकलाच, आणि फोनच्या ऑटोकरेक्टने सँक्टिफिकेशनचं सॅनिटायझेशन करून ठेवलं होतं. रवळनाथाचं सॅनिटायझेशन! कोविड संपून एवढी वर्षं झाली तरी.

घाईत असाल तर उत्तर एवढंच की प्राणप्रतिष्ठेला कॉन्सिक्रेशन लिहा आणि कामाला लागा. पण मग बाकीचे शब्द कशाला आहेत, ते कुठे वापरायचे, हा प्रश्न उरतोच, आणि मी भाषांतराची कामं करते त्यामुळे हे शब्द वरचेवर समोर येतात. डिक्शनरीत बघाल तर चारही शब्दांपुढे "पवित्र करणे" एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे ज्याला निवडायचंय त्याला काडीचा उपयोग नाही. मी स्वतः एकच प्रश्न विचारते: ही वस्तू पवित्र झाली ती कोणामुळे आणि किती वेळात?

आधी कॉन्सिक्रेट. या शब्दाला घड्याळ आणि कॅलेंडर असतं. अमुक दिवशी, अमुक मुहूर्तावर, अधिकार असलेल्या माणसाने, ठरलेला विधी केला आणि त्या क्षणापासून ती वस्तू देवाची झाली. आपली प्राणप्रतिष्ठा अगदी हीच. मूर्ती आधी पाण्यात ठेवायची, मग धान्यात, मग तिला झोपवायचं, आणि तोपर्यंत ती शिल्पकाराने घडवलेला दगड. त्याला ओठाचा कोपरा पटला नाही तर तो छिन्नी लावू शकतो, कोणी काही बोलणार नाही. एकदा प्रतिष्ठा झाली की मात्र हात लावायचा तर सोवळ्यात. घरच्या गणपतीचंही छोट्या प्रमाणात तेच, दूर्वा तुपात बुडवून मूर्तीच्या डोळ्यांना लावतात, छातीवर हात ठेवून मंत्र म्हणतात, आणि आदल्या संध्याकाळी बाजारातून मांडीवर घेऊन आणलेली शाडूची मूर्ती बाप्पा होते. लहानपणी मी त्या दोन मिनिटांत मूर्तीकडे टक लावून बघायचे, काही हलतंय का म्हणून.

२२ जानेवारी २०२४ ला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली तेव्हा इंग्लिश पेपरांनी कॉन्सिक्रेशन हाच शब्द चालवला, त्यामुळे आता आपल्याकडच्या वाचकालाही तो ओळखीचा झालाय. ख्रिश्चन जगात तर तो रोजचाच आहे. मिसामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, भाकर आणि द्राक्षरसावर प्रार्थना होते तो भाग म्हणजे कॉन्सिक्रेशन. राजे चार्ल्स यांच्या ६ मे २०२३ च्या राज्याभिषेकाला जे तेल लावलं ते त्याच वर्षी ३ मार्चला जेरुसलेममध्ये कॉन्सिक्रेट केलेलं, ऑलिव्ह त्याच गावच्या ऑलिव्हच्या डोंगरावरचे. इथेही बघा, तारीख आहे, जागा आहे, करणारे धर्मगुरू आहेत.

आणि ज्याला सुरुवात आहे त्याला शेवटही असतो. बंद पडलेलं चर्च विकायला काढलं की जाहिरातीत डीकॉन्सिक्रेटेड असं लिहितात, म्हणजे आता तिथे फ्लॅट काढा नाहीतर कॅफे काढा, ती नुसती इमारत आहे. हे आपल्याला विचित्र वाटायचं कारण नाही, आपण दरवर्षी उत्तरपूजा करतो, मूर्ती जागेवरून थोडी हलवतो, आणि मगच विसर्जनाला नेतो. सँक्टिफायला असा उलटा शब्द रोजच्या वापरात नाही. माझ्या मते या दोन शब्दांतला फरक पटकन ओळखायची खूण हीच.

आता सँक्टिफाय. लॅटिनमध्ये सँक्टस म्हणजे पवित्र आणि फाकेरे म्हणजे करणे, त्यावरून आलेला. त्या सँक्टसच्या मुळाशी जे क्रियापद आहे त्याचा अर्थ ठरवून देणं, अभंग करून ठेवणं, म्हणजे साधारण कुंपण घालून आत शिरू नका म्हणणं. आपला पवित्र शब्द वेगळ्या घरातला आहे, पू धातू म्हणजे शुद्ध करणे, आणि ऋग्वेदात पवित्र म्हणजे सोमरस गाळायची गाळणी. श्राद्धाला करंगळीशेजारच्या बोटात घालतात ते दर्भाचं पवित्रक पण त्याच कुळातलं. म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे गाळणी, त्यांच्या डोळ्यांपुढे कुंपण. त्यामुळे मराठीतलं शुद्धीकरण, पंचगव्य शिंपडणं, विटाळ काढणं वगैरेला सँक्टिफाय लिहिलं की इंग्लिश वाचणाऱ्याला मळ गेल्याचं कळतच नाही. तिथे सरळ प्युरिफाय लिहा. भाच्याच्या ड्राफ्टमध्ये वास्तुशांतीला पण सँक्टिफाय होतं, तेही काढलं.

मग सँक्टिफाय वापरायचा कुठे? जिथे पवित्रपणा आत झिरपतो, हळूहळू मुरतो तिथे. प्रोटेस्टंट लोकांत तर हा पारिभाषिक शब्द आहे, मराठी ख्रिस्ती त्याला पवित्रीकरण म्हणतात. त्यांच्या शिकवणीत देवाने माणसाला नीतिमान ठरवणं हे एकदम होतं, पण पवित्रीकरण नंतर आयुष्यभर चालू राहतं. आपल्याकडे याच्या जवळचं म्हणजे वारी. वारकऱ्याला कोणी एका मुहूर्तावर पवित्र करत नाही, चालून चालून, नाव घेऊन घेऊन तो होतो, आणि "जन्म पावन झाला" म्हणतो. त्या पावनला सँक्टिफाईड छान बसतो.

पण शंभर टक्के असंच आहे असं मात्र समजू नका. १६११ च्या किंग जेम्स बायबलात, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, देव सातव्या दिवसाला ब्लेस करतो आणि सँक्टिफाय करतो, आणि तिथे मुरणं वगैरे काही नाही, दिवस सरळ बाजूला काढून ठेवलाय, कुंपणवालाच अर्थ. नव्या इंग्लिश भाषांतरांत बऱ्याच ठिकाणी तो शब्द काढून "मेड इट होली" असं साधं केलंय. यावरून एक लक्षात घ्या की बोलीभाषेत सँक्टिफाय आता जड वाटतो, पत्रिकेत, भाषणात किंवा फेसबुक पोस्टमध्ये टाकला तर पोथीतून उचलल्यासारखा दिसतो.

त्याचा आजचा खरा वापर पेपरच्या लेखांत आहे आणि तो बहुतेक वेळा टोचणारा असतो. हिंसेला सँक्टिफाय केलं, जुन्या रूढीला सँक्टिफाय केलं, म्हणजे जे मुळात चांगलं नव्हतं त्याला पावित्र्याचा मुलामा दिला. त्याचाच भाऊबंद सँक्टिमोनियस, म्हणजे सोवळेपणाचा आव आणणारा. म्हणून कोणाचं कौतुक करताना हा सगळा गोतावळा जरा जपून वापरा. सँक्टिटी मात्र अजून साफ आहे. २०२४ च्या नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या प्रकरणात सुप्रीम कोर्ट परीक्षेच्या सँक्टिटीबद्दल बोललं आणि मराठी चॅनेलांनी लगेच "परीक्षेचं पावित्र्य" केलं, ते चपखल होतं.

तिसरा हॅलो. फोनवरच्या हॅलोशी याचा काही संबंध नाही, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात त्याला माझा इलाज नाही. हा मला चौघांत सगळ्यात आवडतो. जुना अस्सल इंग्लिश शब्द, होलीचा सख्खा, आणि होलीचं नातं होलशी म्हणजे अख्खं असण्याशी, धडधाकट असण्याशी. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनमध्ये पण तोच आहे, १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ, भोपळे नंतर आले.

हॅलोमध्ये विधी नसतो, भटजी नसतो, माणसांच्या मनात असतं ते. ख्रिश्चनांच्या प्रभूच्या प्रार्थनेत इंग्लिशमध्ये "हॅलोड बी दाय नेम" आहे, त्याचं मराठी "तुझे नाव पवित्र मानले जावो". मानले जावो! केले जावो नाही. देवाचं नाव कोण कुठला माणूस पवित्र करणार, ते आहेच, आपण तसं मानायचं. ज्याने कोणी तो "मानले" शब्द निवडला त्याला माझा दंडवत, कारण हॅलो आणि बाकीच्या शब्दांतला फरक त्याने एका क्रियापदात बसवलाय. लॉर्ड्सच्या मैदानाला हॅलोड टर्फ म्हणतात ते याच हिशोबाने, तिथे कोणी अभिषेक केलेला नाही.

आणि हे शब्द शेजारी शेजारी बघायचे असतील तर लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण. १९ नोव्हेंबर १८६३, अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या तिथल्या लढाईला साडेचार महिने झालेले, सैनिकांच्या दफनभूमीचा कार्यक्रम, म्हणजे हा माणूस आलाय तो जागा अर्पण करायलाच, आणि म्हणतो काय, "वी कॅन नॉट डेडिकेट, वी कॅन नॉट कॉन्सिक्रेट, वी कॅन नॉट हॅलो धिस ग्राउंड." अर्पण आपण करू शकत नाही, विधीने पवित्र आपण करू शकत नाही, वंद्य आपण करू शकत नाही, इथे जे लढले त्यांनी ते आमच्याआधीच करून ठेवलंय. तीन शब्द चढत्या भांजणीत आहेत, आणि सँक्टिफाय त्यात नाही हे पण बघून ठेवा.

हे वाचलं की मला दरवेळी घोडखिंड आठवते. जुलै १६६०, पन्हाळ्याहून निघालेले महाराज विशाळगडाकडे, आणि मागे खिंडीत बाजीप्रभू आणि त्यांचे मावळे. त्या खिंडीची पावनखिंड झाली ती कुठल्या मंत्राने नाही, रक्ताने झाली. परदेशातल्या मुलांना समजवायचं तर मी हॅलोड पास म्हणेन. प्युरिफाईड म्हणाल तर खिंड धुऊन काढली असं वाटेल, कॉन्सिक्रेटेड म्हणाल तर पोरं विचारतील पूजा कोणी केली. अर्थात तिथे लढलेल्या सैनिकांसाठी लिंकनने स्वतः कॉन्सिक्रेटच वापरलाय, पण तो लिंकन आहे, त्याला शोभतं.

ब्लेसवर फार वेळ घालवत नाही. तो हलका, प्रेमळ, रोजचा शब्द, आशीर्वाद मागितला की ब्लेस. त्याचं मूळ मात्र रक्त या अर्थाच्या जुन्या इंग्लिश शब्दात आहे, बळीचं रक्त शिंपडून जागा पवित्र करायची, आणि आज तोच शब्द शिंक आली की म्हणतात. माझी वसईची मैत्रीण सांगते, नवीन घर घेतलं की फादर येऊन घर ब्लेस करतात, नवी गाडी पण ब्लेस करतात. घर कॉन्सिक्रेट केलं असं कोणी म्हणणार नाही, कारण घर घरच राहतं, त्यात भांडणं होतात, मासे तळले जातात. कॉन्सिक्रेट केलेल्या जागेचा दुसरा वापर बंद होतो. आपल्या वास्तुशांतीला म्हणूनच मी हाउस ब्लेसिंग सुचवते, शब्दशः नसलं तरी गोऱ्या शेजाऱ्याला लगेच कळतं की जेवायला बोलावलंय.

काही शब्द चुकून या रांगेत येतात. डेडिकेट म्हणजे अर्पण, सरकारी इंग्लिशमध्ये धरण किंवा पूल "राष्ट्राला डेडिकेट" होतो तेच आपलं लोकार्पण, त्यात पवित्र होण्याची सक्ती नाही. कॅननाइझ म्हणजे माणसाला अधिकृत संतपद देणं, आणि कॅथलिकांत ते पोपच देतात: वसईचे गोन्सालो गार्सिया १८६२ मध्ये, गोव्यात बाणावलीत जन्मलेले जोसेफ वाझ २०१५ मध्ये. पोपनी त्यांना सँक्टिफाय केलं असं लिहू नका, त्यांच्या मते ती माणसं आधीच पवित्र होती, पोपनी फक्त जाहीर केलं. आणि सँक्शन! तो पण त्याच लॅटिन कुंपणातून आलाय, म्हणून लोन सँक्शन झालं तरी सँक्शन आणि इराणवर निर्बंध लादले तरी सँक्शनच. सँक्च्युअरीचं आपण केलं अभयारण्य, आणि केवढं अचूक, कारण जुन्या इंग्लंडमध्ये गुन्हेगार चर्चमध्ये शिरला की काही काळ त्याला पकडता यायचं नाही, ते अभयच होतं.

तर पत्रिकेवर आलो. "कॉन्सिक्रेशन ऑफ श्री देव रवळनाथ" वर मोठ्या अक्षरात, जीर्णोद्धाराला रिनोव्हेशन चाललं. कलशारोहण तसंच रोमन अक्षरांत लिहून खाली एक ओळ टाकली की शिखरावर कळस चढवणार. भाच्याला रिनोव्हेशन म्हणजे किचनच्या टाइल्स वाटतात, पण रिस्टोरेशनवर काका लोक अडून बसले की जुनं देऊळ पूर्ण पाडून नवीन बांधलंय, रिस्टोर कुठे केलंय. तेही खरंच. शेवटी त्याचा रात्री दीडला मेसेज, "आत्या, महाप्रसादाला ब्लेस्ड लंच लिहू का?" महाप्रसाद महाप्रसादच राहू दे म्हटलं, आणि वेळ साडेबारा लिही.