उपकेंद्रातील व्हिडिओ सल्ला: मावशीबरोबरच्या तीन खेपा

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावाजवळच्या उपकेंद्रात व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला मिळतो. मधुमेह असलेल्या मावशीला घेऊन मी तेथे तीन वेळा गेलो. रुग्णांचे अनुभव हाच माझ्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासाचा विषय असल्याने माझे लक्ष यंत्रापेक्षा माणसांकडे अधिक होते.

पहिल्या खेपेस डॉक्टरांनी त्रास कधीपासून आहे असे विचारले, तेव्हा मावशी म्हणाली, "कापूस येचाले लागली ना, तवापासून तयपाय जयते." पडद्यावरचे डॉक्टर गोंधळले. शेजारी बसलेल्या समुदाय आरोग्य अधिकारी, ज्यांना गावात सगळे सिस्टरच म्हणतात, त्यांनी "तळपायांची जळजळ, दीड महिन्यापासून" असे सांगितले आणि मावशीला चप्पल काढायला लावून तिचा पाय कॅमेऱ्यासमोर धरला. करंगळीच्या बेचक्यात जखम होती. मधुमेहाने नसा बधिर झाल्या की जखम दुखत नाही, त्यामुळे मावशीला तिचा पत्ताच नव्हता.

डॉक्टर ज्याचे निदान करतात तो रोग आणि रुग्ण जे भोगतो ते आजारपण, असा भेद आर्थर क्लाइनमन या वैद्यकीय मानववंशशास्त्रज्ञाने केला आहे. त्या दिवशी या दोहोंमधले अंतर सिस्टरांनी मिटवले, आणि माझ्या मते या सेवेचे खरे मोल तेथेच आहे. तालुक्याला जाण्याचा खर्च आणि बुडणारी मजुरी वाचते, हेही खरेच.

उणिवा मात्र गंभीर आहेत. औषधांची चिठ्ठी मोबाइलवर येते आणि नोंदवलेला क्रमांक चाकणला कामाला असलेल्या मुलाचा आहे. 25 मार्च 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोग्यसेवकाने सल्ला सुरू केला तर रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी लागते. तिन्ही वेळा कॉल सिस्टरांनीच लावला, पण मावशीला तसे कोणी विचारल्याचे मी पाहिले नाही. रांगेतल्या बायाही त्याच खोलीत बसलेल्या असत. लघवीच्या जागी होणारी खाज मावशीने पहिल्या दोन्ही वेळा मनातच ठेवली आणि दुसऱ्या खेपेनंतर घरी परतताना, मान खाली घालून, मला सांगितली.

तिसऱ्या खेपेस मी विनंती केल्यावर सिस्टरांनी रांग बाहेर ओसरीत बसवली आणि दार लोटून घेतले. मीही बाहेर थांबलो. मावशी बराच वेळ बोलत होती.