थिंकपॅड टी६०, एक्स२२० की २०१२ चा मॅकबुक प्रो: जुना लॅपटॉप जिवंत करायला कुठला घ्यावा

जुना लॅपटॉप घेऊन स्वतःच्या हाताने उभा करायचाय पण कुठला घेऊ, असं विचारणारे बहुतेक जण शेवटी थिंकपॅड टी६०, थिंकपॅड एक्स२२० आणि २०१२ चा मॅकबुक प्रो या तीन नावांवर येऊन अडकतात. तीनही माझ्या हाताखालून गेलेत, एक्स२२० तर आत्ता मांडीवरच आहे आणि हे त्याच्यावरच टाइप करतेय, त्यामुळे माझा कल लगेच कळेल, पण तो का आहे ते सांगते. प्रोसेसर कुठला, रॅम किती हे नंतर बघा. आधी हे बघा की खराब होणारा पार्ट आज मिळतो का आणि तो बदलायला किती उघडावं लागतं, कारण दहा-पंधरा वर्षांच्या मशीनमध्ये बॅटरी, कीबोर्ड, फॅन आणि स्क्रीन यातलं काहीतरी जाणारच, ते धरूनच चालायचं.

टी६० पासून सुरू करते कारण लोकांचा जीव त्याच्यातच अडकलेला असतो. २००६ चा, आयबीएमचा पीसी धंदा लेनोवोने २००५ मध्ये घेतला त्यानंतरचा, तरी सुरुवातीच्या टी६० वर आयबीएमचाच लोगो आहे. ४:३ ची चौकोनी स्क्रीन, आणि १४००×१०५० वाला पॅनल मिळाला तर लिहायला-वाचायला इतकं सुंदर वाटतं की पुन्हा रुंद स्क्रीनकडे बघावंसं वाटत नाही. प्रोसेसर सॉकेटमध्ये असतो, म्हणजे कोअर ड्युओ काढून कोअर टू ड्युओ टाकता येतो, आणि हे कराच, कारण कोअर ड्युओ ३२ बिटचा आहे आणि डेबियन या मोफत लिनक्स सिस्टिमनेसुद्धा २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. पण रॅम कितीही टाका, मशीन ३ जीबीच्या आसपासच वापरतं. आजच्या ब्राउझरला त्यात श्वास घेता येत नाही. शिवाय स्क्रीनच्या मागे एलईडी नाही, बारीक ट्यूब आहे, ती म्हातारी झाली की चालू केल्यावर स्क्रीन लालसर दिसते आणि हळूहळू अंधारत जाते, बदलायची तर ट्यूब हाताने सोल्डर करावी लागते, आत पारा असतो, फुटली तर वेगळीच डोकेदुखी. आठवण म्हणून, जुने गेम, जुनं सॉफ्टवेअर, शांतपणे लिहिणं यासाठी टी६० जरूर घ्या. रोजच्या कामाला नको.

आता एक्स२२०. २०११ चा, साडेबारा इंची, सातओळी जुना कीबोर्ड असलेला एक्स मालिकेतला शेवटचा. पुढच्या वर्षी एक्स२३० आला आणि कीबोर्ड सहा ओळींचा झाला. पण माझ्या दृष्टीने त्याहून मोठा फरक असा की एक्स२३० च्या पिढीपासून बॅटरी खरी आहे का ते मशीन तपासतं आणि बाहेरची कंपॅटिबल बॅटरी असली तर चार्जच करत नाही. एक्स२२० ला ही भानगड नाही. दुकानदार "हा त्याच्यापेक्षा नवीन आहे, घेऊन टाका" म्हणून एक्स२३० पुढे सरकवतो तेव्हा हे डोक्यात असू द्या.

उघडायची पद्धत बघा म्हणजे मी का एवढं बोलतेय ते कळेल. लॅपटॉप उलटा करायचा, तळाला प्रत्येक स्क्रूशेजारी छोटं चित्र कोरलंय, कीबोर्डच्या स्क्रूला कीबोर्डचं चित्र. ते काढायचे, सरळ करायचा, कीबोर्ड दोन्ही अंगठ्यांनी स्क्रीनच्या दिशेला जरासा ढकलायचा, पुढची कड आपोआप वर येते, खाली एक कनेक्टर, तो उचलला की कीबोर्ड हातात. दहा मिनिटं, तीही पहिल्यांदा करताय म्हणून. हार्डडिस्क तर बाजूचा एक स्क्रू काढला की सरकून बाहेर येते (फक्त ७ मिलिमीटर जाडीची लागते, जुनी जाड डिस्क बसत नाही). रॅमचे दोन खण, कंपनी ८ जीबी म्हणते पण १६ चालते. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे कंपनीचं स्वतःचं सर्व्हिस मॅन्युअल, ज्यात कुठला पार्ट आधी काढायचा, कुठला स्क्रू किती लांबीचा, प्रत्येक पार्टचा नंबर काय, सगळं छापलंय. तो नंबर कागदावर लिहून मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलं की बोलणंच बदलतं, दुकानदार "मॅडम कुठला मॉडेल" विचारायच्या ऐवजी आतून खोकं आणतो.

त्रास नाही असं नाही. साधी टीएन (स्वस्त प्रकारची) स्क्रीन असेल तर जरा मान हलवली की रंग उडतात, पण तिच्या जागी आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग टिकणारा) पॅनल थेट बसतो. एलपी१२५डब्ल्यूएच२ मालिकेतला एसएलबी१ किंवा एसएलबी३ मागा, नुसतं "साडेबारा इंची आयपीएस" म्हणू नका, भलतंच मिळेल. वायफाय कार्ड मनाने बदलू नका, कंपनीच्या यादीत नसलेलं कार्ड दिसलं की मशीन १८०२ नंबरची एरर देऊन तिथेच थांबतं. यूएसबी ३ फक्त आय७ प्रोसेसरवाल्यात आहे. प्रोसेसर बोर्डलाच चिकटलेला, बदलता येत नाही. आणि फॅनपर्यंत पोचून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप) लावायची तर बरंच काही सोडवावं लागतं, त्याला एक अख्खा रविवार बाजूला काढा, आणि काढलेले स्क्रू कागदावर चित्र काढून त्या-त्या जागी चिकटपट्टीने लावत जा.

मॅकबुक प्रो, तेरा इंची, २०१२ च्या मध्याचा, तळाला ए१२७८ लिहिलेला. रेटिना वाला नाही, त्यात रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, बदलता येत नाही. साध्यात रॅमचे दोन खण, साडेदोन इंची डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, दोन यूएसबी ३, आणि अ‍ॅपलने तो २०१६ पर्यंत विकला म्हणून चांगल्या स्थितीतले अजून भरपूर सापडतात. तळाला दहा स्क्रू, तीन लांब आणि सात आखूड, जागा लक्षात ठेवायची. झाकण निघालं की पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर उचलायचा, मगच बाकीच्याला हात. रॅम, एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क), बॅटरी ही कामं इथे एक्स२२० इतकीच सोपी आहेत, फक्त बॅटरीला तीन पाकळ्यांचा स्क्रूड्रायव्हर लागतो. टचपॅड तर तिघांत याच्या जवळपास कुणी येत नाही.

अडचण दोन ठिकाणी. हार्डडिस्कपासून बोर्डपर्यंत जाणारी चपटी केबल या मॉडेलमध्ये कुप्रसिद्ध आहे. मशीन अडकतं, डिस्क मध्येच दिसेनाशी होते, लोक डिस्क गेली समजून नवीन एसएसडी आणतात आणि तेच पुन्हा होतं, म्हणून एसएसडी टाकताना केबलही नवीन टाका. दुसरी अडचण कीबोर्डची. चहा सांडला की एक्स२२० मध्ये दहा मिनिटांचं काम, इथे बोर्डसकट सगळं बाहेर काढायचं आणि खाली डझनावारी चिमुकले स्क्रू, मोहरीच्या दाण्याएवढे. बरेच जण म्हणून वरचं अख्खं अ‍ॅल्युमिनियमच बदलतात, जे स्वस्त नाही. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर अधिकृतपणे हा मॅकओएसच्या कॅटालिना आवृत्तीला थांबतो, पुढचं ओपनकोअर लेगसी पॅचर हे अ‍ॅपलचं नसलेलं सॉफ्टवेअर वापरून चढवता येतं पण प्रत्येक अपडेटला जीव मुठीत. लिनक्स टाका, उत्तम चालतं, ब्रॉडकॉमच्या वायफायचा ड्रायव्हर तेवढा वेगळा घालावा लागतो.

बॅटरीबद्दल मनापासून सांगते, कारण पैसे इथेच बुडतात. "ओरिजिनल, सीलबंद, जुना स्टॉक" ऐकलं की आपल्याला बरं वाटतं, मलाही वाटलं होतं, मी एका विक्रेत्याकडून तशीच सीलबंद बॅटरी घेतली, पाकीट फोडताना हात थरथरत होता, आणि ती पस्तीस मिनिटांच्या वर कधी चाललीच नाही, कारण लिथियमचे सेल वापरले नाहीत तरी पडून पडून मरतात. त्यामुळे बॅटरीवर छापलेली तारीख आधी बघा, ब्रँड नंतर. नवीन बनलेली कंपॅटिबल बॅटरी बिलासकट आणि निदान सहा महिन्यांच्या वॉरंटीसकट घ्या, थोडे जास्त गेले तरी चालेल. सेल बदलून देणारेही भेटतील, पण एकदा मेलेल्या पॅकचं सर्किट बऱ्याचदा लॉक होतं आणि वेल्डिंग चुकलं तर आगीशी खेळ, मी ते करत नाही आणि तुम्हालाही करू नका म्हणेन. परदेशातून मागवायचा विचार असेल तर कीबोर्ड, केबल, पॅनल मागवा, अलीएक्सप्रेस या चिनी खरेदी साइटवर आपल्याकडे २०२० मध्ये बंदी आली पण ईबेवरून येतं, कस्टम धरून हिशोब करा. लिथियम बॅटरी मात्र कुरिअरवाले विमानाने न्यायला का-कू करतात, ती इथेच शोधा.

तर पहिल्यांदाच करताय आणि रोज वापरायचाय, तर डोळे झाकून एक्स२२०. मला बरा चालू स्थितीतला सात हजारात पडला, वर एसएसडी, ८ जीबीची एक रॅम आणि बॅटरी धरून अजून जवळपास तेवढेच गेले, हे आधीच धरा, "सात हजारात लॅपटॉप" असं घरी सांगू नका. फोटो, गाणी, टचपॅडवर काम आणि मशीन सांडलवंडीपासून लांब राहणार असेल तर मॅकबुक. टी६० दुसरा म्हणून घ्या, पहिला नाही.

आणि पैसे देण्याआधी दुकानातच एक करा. थिंकपॅड चालू करताना एफ१ दाबा, सेटिंगमध्ये जाताना पासवर्ड मागितला तर तो दुकानदाराकडून काढून घ्या नाहीतर मशीन तिथेच ठेवा, कारण तो पासवर्ड आतला छोटा सेल काढूनही पुसला जात नाही. मॅकबुक ऑप्शन की दाबून चालू करा. कुलपाचं चित्र आलं, म्हणजे पासवर्ड लावलेला आहे, तर तेही तिथेच ठेवा.